जॉन बुश पर्वातील अँथ्रॅक्स: चार अल्बम आणि न मिटलेला वाद

अँथ्रॅक्स या न्यूयॉर्कच्या थ्रॅश मेटल (जड गिटारचे, अतिवेगवान रॉक) बँडचे जुने चाहते एकत्र आले की बोलणे फार वेळ न घेता एकाच प्रश्नावर येऊन थांबते: जोई बेलाडोना की जॉन बुश? १९८५ ते १९९० या काळात बेलाडोनाच्या आवाजात बँडचे चार पूर्ण अल्बम निघाले, १९९२ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले आणि लॉस एंजेलिसच्या आर्मर्ड सेंट या बँडचा गायक जॉन बुश त्याच्या जागी आला. बुशच्या आवाजातही नव्या गाण्यांचे चारच अल्बम आहेत: १९९३चा ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’, १९९५चा ‘स्टॉम्प ४४२’, १९९८चा ‘व्हॉल्यूम ८: द थ्रेट इज रिअल’ आणि २००३चा ‘वुईव्ह कम फॉर यू ऑल’. चारास चार असा हिशेब बरोबर जुळत असल्यामुळे तुलनेचा मोह कोणालाच आवरत नाही, आणि दोन्ही बाजूंची मते इतक्या वर्षांत इतकी घट्ट झाली आहेत की आपल्या बाजूचे अल्बम सोडून पलीकडचे अल्बम शेवटचे कधी ऐकले, हे अनेकांना आठवतही नसावे. या परीक्षणासाठी मी बुशच्या काळातील चारही अल्बम आणि २००४चा ‘द ग्रेटर ऑफ टू इव्हिल्स’ हे ध्वनिमुद्रण क्रमाने पुन्हा ऐकले. गायकाच्या नावाने जे भांडण चालते, त्यातला मोठा भाग खरे तर रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरतुकडा), लय आणि ध्वनिमुद्रण यांविषयीचा आहे, आणि बुशला त्यात नाहक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, असे माझे मत झाले आहे.

बेलाडोनाच्या बाजूचा मुख्य आक्षेप असा की बुश आला आणि अँथ्रॅक्सची थ्रॅश संपली. हा आक्षेप तपासायचा तर बुश येण्याच्या आधीचा अल्बम ऐकावा लागतो. १९८७चा ‘अमंग द लिव्हिंग’ हा वेगाचा, खोडकरपणाचा आणि कॉमिक पुस्तकांच्या प्रेमाचा अल्बम होता. त्यातले ‘आय अ‍ॅम द लॉ’ हे गाणे तर थेट जज ड्रेड या ब्रिटिश कॉमिकमधील पात्रावरच आहे. तीन वर्षांनी आलेला ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ मात्र वेगळ्याच मनःस्थितीचा आहे. त्यातली गाणी लांबली आहेत, ‘कीप इट इन द फॅमिली’ सात मिनिटांच्या घरात जाते, लय अनेक ठिकाणी मधल्या गतीवर स्थिरावली आहे, आणि ‘गॉट द टाइम’ हे जो जॅक्सनचे गाणे वगळता विनोद जवळजवळ हद्दपार झाला आहे. म्हणजे बँडची चाल संथ आणि काळोखी होऊ लागली ती बेलाडोना गात असतानाच. त्यानंतरच्या वर्षी पब्लिक एनिमी या रॅप गटासोबत ‘ब्रिंग द नॉइज’ करून बँडने आपल्याला आणखी कुठल्या दिशा खुणावत आहेत तेही दाखवून दिले होते. त्यामुळे १९९३ साली जे ऐकू आले ते नव्या गायकाने घडवून आणलेले वळण होते, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

दोन आवाजांतील फरक मात्र खरा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. बेलाडोनाचा आवाज तार सप्तकात सहज फिरणारा, स्वच्छ आणि धारदार आहे. थ्रॅशच्या इतर बँडांत गायक गुरगुरत किंवा भुंकत असताना तो चक्क सुरात गात असे, आणि तो सूर गिटारच्या गदारोळाच्या वर एखाद्या तारेसारखा ताणलेला राहत असे. बुशचा आवाज त्याच्या खाली, मध्य सप्तकात वावरतो. तो भरदार आहे, त्याला किंचित खरखरीत दाणा आहे, आणि शब्द फेकताना तो श्वासाचे वजन त्यात घालतो. याचा एक तांत्रिक परिणाम असा की बेलाडोनाचा आवाज आणि गिटार यांच्यात जागेवरून भांडण होत नसे, तर बुशचा आवाज आणि स्कॉट इयनची जाड, मधल्या पट्टीतली रिदम गिटार एकाच खोलीत नांदतात. म्हणून बुशचे अल्बम चांगले वाटणे किंवा न वाटणे हे मिक्सिंग (वाद्ये आणि आवाज यांचा तोल जुळवण्याचे काम) करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. मला वाटते, चाहत्यांच्या वादात या गोष्टीचा पुरेसा विचारच झालेला नाही.

आणखी एक फरक कागदावरचा आहे. बेलाडोनाच्या काळात शब्द प्रामुख्याने स्कॉट इयनचे असत, बहुतेक रिफ ड्रमर चार्ली बेनांटेच्या डोक्यातून येत, आणि गायकाच्या हाती तयार मजकूर पडत असे. बुश आला तो लेखनातला भागीदार म्हणून. आर्मर्ड सेंटमध्ये दहा वर्षे गाऊन, १९९० मध्ये आपला गिटारवादक डेव्ह प्रिचर्ड कर्करोगाने गमावून आणि तरीही १९९१ मध्ये ‘सिंबल ऑफ साल्वेशन’सारखा भक्कम अल्बम पूर्ण करून तो इथे पोहोचला होता. (मेटॅलिकाने सुरुवातीच्या काळात त्याला गायक म्हणून विचारले होते आणि त्याने नकार दिला होता, हा किस्सा मेटलच्या चाहत्यांना नव्याने सांगायला नको.)

आता अल्बमांकडे वळू. ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ मे १९९३ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने काढला आणि तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. बँडच्या कोणत्याही अल्बमला त्या यादीत याहून वरचे स्थान मिळालेले नाही. गायक बदलला म्हणून लोकांनी पाठ फिरवली, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवावा. निर्माता होता डेव्ह जर्डन, ज्याने नुकताच अ‍ॅलिस इन चेन्स या ग्रंज (सिएटल शहरातून पुढे आलेले उदास, जड रॉक) बँडचा ‘डर्ट’ हा अल्बम केला होता, आणि ‘अँथ्रॅक्स ग्रंजच्या मागे गेला’ हा दुसरा मोठा आरोप इथूनच उगम पावतो. आरोपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. जर्डनने गिटारला रुंदी दिली, ड्रमना खोलीचा घुमारा दिला आणि बुशच्या आवाजासाठी मध्यभागी मोकळी जागा राखली. ही त्याची पद्धत होती आणि ती या आवाजाला नेमकी मानवली. सुरावटींत अ‍ॅलिस इन चेन्सची छाया काही ठिकाणी जाणवतेच, विशेषतः जिथे दोन आवाज एकमेकांलगत, किंचित उदास अंतरावर गातात तिथे. पण ‘पॉटर्स फील्ड’ सुरू होते ते खरखराटातून, आणि त्यातून ज्या आवेशाने रिफ बाहेर पडते ती सिएटलची नाही. ती सरळ न्यूयॉर्कची, हार्डकोर पंकच्या वळणाची आहे.

‘ओन्ली’ या गाण्यावर थोडे थांबायला हवे, कारण बुशच्या बाजूचे लोक पुरावा म्हणून नेहमी तेच पुढे करतात. गाण्याची बांधणी अगदी साधी आहे: बेनांटेचा दणकट ताल, त्यावर एक आखूड, परत परत येणारी रिफ, कडव्यात बुशचा दाबून धरलेला आवाज, आणि ध्रुवपदात तोच आवाज एकदम छाती उघडून वर गेलेला. यात थ्रॅशचा वेग कुठेच नाही. तरीही गाणे जड वाटते, आणि त्याचे कारण बुशच्या शब्दफेकीत आहे. तो शब्दाचा पहिला वर्ण तालाच्या ठोक्यावर असा आपटतो की गायकाचा आवाज हे आणखी एक तालवाद्यच बनते. बेलाडोनाच्या आवाजाचे सौंदर्य दीर्घ स्वरात होते, बुशचे आघातात आहे. ‘रूम फॉर वन मोअर’मध्येही हीच खुबी दिसते. ‘१००० पॉइंट्स ऑफ हेट’ हे नाव राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या ‘थाउजंड पॉइंट्स ऑफ लाइट’ या गाजलेल्या शब्दप्रयोगाला मारलेली कोपरखळी आहे, आणि ती त्याच आडनावाच्या गायकाच्या तोंडून यावी यातली गंमत बँडच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही. एका गाण्याला तर नावाऐवजी सोडियम थायोपेंटल या औषधाचे रासायनिक सूत्रच दिलेले आहे.

‘ब्लॅक लॉज’ हे या अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे. ‘ट्विन पीक्स’ या दूरचित्रवाणी मालिकेतील एका जागेवरून त्याचे नाव घेतले आहे, आणि त्या मालिकेचे संगीतकार अँजेलो बादालामेंती यांनीच या गाण्यासाठी साथ दिली. गिटार स्वच्छ, ताल सावकाश, बुशचा आवाज जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवर आणि मागे बादालामेंती यांच्या सुरांचा धुक्यासारखा पडदा. हे गाणे थ्रॅश नाही हे उघडच आहे. पण ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ करणाऱ्या बँडला जिथे जायचे होते तिथे ते पोहोचते, आणि हे गाणे बेलाडोनाच्या आवाजात कल्पून पाहिले तर ते जमले नसते असे मला ठामपणे वाटते. अल्बमचा उत्तरार्ध थोडा सैल आहे. ‘बर्स्ट’चा वेग मधेच तरतरी आणतो, पण दोन गाणी कमी असती तर बिघडले नसते. तरीही नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात थ्रॅशच्या जुन्या मोठ्या बँडांनी जी वळणे घेतली, त्यांत हे वळण मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

इथून पुढे बुशच्या पर्वाची घसरण सुरू होते, आणि ती बरीचशी संगीताबाहेरची आहे. इलेक्ट्रा कंपनीत ज्यांनी बँडला करारबद्ध केले होते ते प्रमुख १९९४ मध्ये गेले, नव्या व्यवस्थापनाला अँथ्रॅक्समध्ये रस उरला नाही, आणि १९९५चा ‘स्टॉम्प ४४२’ प्रसिद्धीविना दुकानात जाऊन पडला. दरम्यान गिटारवादक डॅन स्पिट्झही बाहेर पडला. त्याने पुढे घड्याळे बनवण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि त्याच व्यवसायात नाव काढले, जे मेटलच्या इतिहासातले बहुधा सर्वांत शांत निवृत्तिजीवन असावे. चाहत्यांच्या वादात स्पिट्झच्या जाण्याचा उल्लेख फारसा होत नाही, पण माझ्या मते ‘स्टॉम्प ४४२’ला ते जाणे बुशच्या येण्यापेक्षा जास्त महागात पडले. स्पिट्झची सोलो वादने वेगवान आणि चमकदार असत आणि जाड रिफच्या भिंतीला ती खिडक्या पाडत. त्याच्याविना उरले ते स्कॉट इयनचे दणके. लीड गिटारची बाजू पॉल क्रूक आणि खुद्द बेनांटे यांनी सांभाळली, आणि ‘किंग साइज’ व ‘रायडिंग शॉटगन’ या दोन गाण्यांसाठी पँटेरा या मेटल बँडचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल पाहुणा म्हणून आला. ही दोन गाणी अल्बममध्ये उठून दिसतात ती पाहुण्यामुळे, हे यजमानांना फारसे भूषणावह नाही.

‘रँडम अ‍ॅक्ट्स ऑफ सेन्सलेस व्हायोलन्स’ने सुरुवात जोरदार होते आणि ‘फ्यूल्ड’ची उडती चाल आजही चांगली वाटते. पण पाच-सहा गाण्यांनंतर एक रिफ दुसऱ्या रिफहून वेगळी ओळखता येत नाही. बुशवर या अल्बमसाठी होणारी टीका मला मान्य आहे: ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’मध्ये सुरावटीकडे असलेले लक्ष इथे सुटले आहे आणि तो बराच वेळ एकाच उंचीवर ओरडत राहतो. त्यातच मिक्सिंग असे कोरडे आणि दाट आहे की मधल्या पट्टीत आवाज व गिटार एकमेकांना चिरडतात. शेवटचे ‘बेअर’ हे अकूस्टिक गिटारवरचे शांत गाणे आले की गायक अजून आहे याची आठवण होते. मुखपृष्ठ मात्र स्टॉर्म थॉर्गर्सन यांचे आहे, ज्यांनी पिंक फ्लॉइडची गाजलेली मुखपृष्ठे केली; भंगाराच्या अजस्र गोळ्याशेजारी उभा असलेला उघडा माणूस पाहून अल्बमकडून जी अपेक्षा निर्माण होते ती आतले संगीत पुरी करत नाही.

‘व्हॉल्यूम ८’ला दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी सारखेच दुर्लक्षिले आहे, आणि वादाच्या या एकमेव एकमताशी मी सहमत नाही. हा अल्बम विस्कळीत आहे यात शंका नाही. चौदा गाणी आहेत, त्यांतले ‘कपाजो’ हे कॉफीवरचे टिवल्याबावल्याचे गाणे मिनिटभरही टिकत नाही, ‘टोस्ट टू द एक्स्ट्राज’ला चक्क अमेरिकन कंट्री संगीताचा बाज आहे, आणि ‘किलिंग बॉक्स’मध्ये पँटेराचा गायक फिल अन्सेल्मो येऊन जातो. पण ‘स्टॉम्प ४४२’चा एकसुरीपणा इथे नाही. बँडचा विनोद परत आला आहे. ‘इनसाइड आउट’ला ध्रुवपद आहे, ‘क्रश’ला वेग आहे, आणि ‘कॅथार्सिस’मध्ये बुश पुन्हा गायला लागला आहे. शेवटच्या गाण्यानंतर काही क्षण शांतता ठेवून एक गाणे लपवलेले आहे, ज्याचे नाव यादीत नाही. ‘पीसेस’ हे ते गाणे बुश गात नाही. बास वाजवणारा फ्रँक बेलो गातो, आणि ते त्याच्या खून झालेल्या भावासाठी आहे. गाणे तांत्रिकदृष्ट्या सफाईदार नाही, बेलोचा आवाज जागोजागी कापतो, पण चार अल्बमांतील इतकी अनावृत दुसरी जागा नाही. हा अल्बम ज्या इग्निशन नावाच्या छोट्या कंपनीने काढला ती लवकरच बंद पडली, त्यामुळे तो नीट विकलाच गेला नाही. त्याचे अपयश बुशच्या खाती लिहिणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे.

१९९९ मध्ये निवडक गाण्यांच्या एका संग्रहासाठी बँडने ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’ हे टेम्प्टेशन्स या सोल गायकगटाचे गाणे नव्याने केले आणि त्यात बुश व बेलाडोना या दोघांनाही गायला लावले. दोघांनी मिळून दौरा करायचेही ठरले होते, पण बेलाडोनाने माघार घेतली. ते गाणे फार मोठे नाही, पण दोन्ही बाजूंनी ते एकदा ऐकावे अशी माझी शिफारस आहे, कारण दोन आवाज शेजारी उभे राहिले की स्पर्धा दिसत नाही, वाटणी दिसते.

२००३चा ‘वुईव्ह कम फॉर यू ऑल’ हा बुशच्या पर्वाचा खरा कळस आहे, असे मी ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’बद्दलचे सर्व प्रेम राखून म्हणेन. रॉब कॅजियानो हा नवा गिटारवादक आला आणि निर्मितीतही त्याचा हात होता. स्पिट्झच्या जाण्याने बुजलेल्या खिडक्या त्याने पुन्हा उघडल्या. ‘व्हॉट डझन्ट डाय’ हे सुरुवातीचे गाणे वेग, ध्रुवपद आणि बेनांटेचे दुहेरी बास ड्रम यांचा असा मेळ घालते की ‘बुश आला आणि थ्रॅश संपली’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते निदान एकदा ऐकणे ही किमान अट असावी. ‘ब्लॅक डेलिया’ १९४७ सालच्या लॉस एंजेलिसमधील न सुटलेल्या खुनावर आहे आणि ते काही ठिकाणी थ्रॅशच्याही पुढच्या वेगाला जाते. दुसऱ्या टोकाला ‘सेफ होम’ आहे, घरी परतण्याविषयीचे, उघडपणे भावुक गाणे, ज्यात बुशचा आवाज चारही अल्बमांत सर्वांत सुंदर लागला आहे. कडव्याच्या शेवटी तो स्वर सोडून देत नाही. किंचित खरखर येऊ देऊन ध्रुवपदाच्या पहिल्या अक्षरापर्यंत तसाच ओढून नेतो, आणि त्या एका ओढीवर सगळे गाणे उभे आहे. ‘टेकिंग द म्युझिक बॅक’मध्ये द हू या बँडचे रॉजर डाल्ट्री पाहुणे आहेत आणि ‘स्ट्रॅप इट ऑन’ व ‘कॅडिलॅक रॉक बॉक्स’मध्ये पुन्हा डाइमबॅग. मात्र ‘स्टॉम्प ४४२’च्या उलट, इथे पाहुणे नसते तरी घर भरलेलेच दिसले असते. मुखपृष्ठ कॉमिक चित्रकार अ‍ॅलेक्स रॉस यांचे असल्यामुळे जुन्या चाहत्यांना ‘अमंग द लिव्हिंग’चे दिवस आठवावेत, अशीही सोय आहे.

आता ‘द ग्रेटर ऑफ टू इव्हिल्स’. २००४ मध्ये बँडने आपली १९८४ ते १९९० या काळातील जुनी गाणी स्टुडिओत एकत्र बसून, मैफलीत वाजवावी तशी, बुशच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केली. मराठी रंगभूमीवर गाजलेले नाटक दुसऱ्या संचात उभे राहिले की प्रेक्षक पडदा उघडण्याआधीच मूळ संचाची आठवण काढू लागतात; या अल्बमच्या वाट्यालाही तेच आले, आणि बहुतेकांनी तो ‘मूळच बरे होते’ एवढे म्हणून बाजूला ठेवला. वादाचा निकाल लावायला मात्र याहून चांगले साधन नाही. एरवी गायक बदलतो तेव्हा गाणीही बदललेली असतात. इथे गाणी तीच आहेत.

निकाल एकतर्फी नाही. ‘मॅडहाउस’ बुशला शोभते. त्यातील वेडेपणा बेलाडोनाच्या आवाजात खेळकर होता, बुशच्या आवाजात त्याला खरोखरची धमकी येते. ‘कॉट इन अ मॉश’मध्ये शब्दांची जी गर्दी आहे तिला बुशची आघाती फेक चांगली पेलते. ‘कीप इट इन द फॅमिली’ तर मला मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा सरस वाटते, आणि ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’पासूनच बँड बुशसारख्या आवाजाच्या दिशेने निघाला होता, या माझ्या म्हणण्याला ते दुजोरा देते. नील टर्बिन या पहिल्या गायकाच्या काळातील ‘डेथरायडर’ आणि ‘मेटल थ्रॅशिंग मॅड’ ही गाणीही नव्या जोमाने उभी राहतात. पण ‘इंडियन्स’ इथे हरते. ते गाणे बेलाडोनाच्या वरच्या पट्टीवर बेतलेले आहे. ध्रुवपदात सूर वर झेपावला पाहिजे, आणि बुश तिथे जमिनीवरूनच हाक मारतो. ‘अमंग द लिव्हिंग’ आणि ‘बी ऑल, एंड ऑल’ यांचेही थोडे तसेच होते. गिटार जड झाल्यामुळे मूळचा चपळपणा गेला आहे हेही खरे, पण तो दोष गायकाचा नाही.

उलट बाजूची परीक्षाही उपलब्ध आहे. २२ जून २०१० रोजी बल्गेरियातील सोफिया येथे मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या चार थ्रॅश बँडांची जी मैफल झाली, तिच्या चित्रफितीत परत आलेला बेलाडोना बुशचे ‘ओन्ली’ गातो. तो ते चांगले गातो, ध्रुवपदात तर आपल्या पद्धतीने सजवतोही. पण कडव्यात जिथे बुश शब्द ठोक्यावर आपटतो तिथे बेलाडोना त्यावरून घसरत जातो, आणि गाण्याचा कणा किंचित मऊ होतो. ज्यांना हा वाद पुढे चालवायचा आहे त्यांनी ‘इंडियन्स’ बुशच्या आवाजात आणि ‘ओन्ली’ बेलाडोनाच्या आवाजात, अशी दोन गाणी लागोपाठ ऐकावीत. एकेकाची मर्यादा कुठे आहे ते दहा-बारा मिनिटांत कळते, आणि दोघांपैकी कोणालाही वाईट गायक म्हणण्याची सोय उरत नाही.

२००५ मध्ये बेलाडोना आणि स्पिट्झ यांच्यासह जुना संच पुन्हा जमला. पुढे डॅन नेल्सन नावाचा गायक काही काळ येऊन गेला, २००९ मध्ये बुशही थोड्या दिवसांसाठी परतला, आणि अखेर २०१०पासून बेलाडोना कायमचा परत आला. २०११च्या ‘वर्शिप म्युझिक’चे स्वागत जुन्या चाहत्यांनी ‘खरा अँथ्रॅक्स परत आला’ अशा शब्दांत केले. तो उत्तम अल्बम आहे, पण त्यातले ‘क्रॉल’ किंवा ‘इन द एंड’ ऐकून मला १९८७ आठवत नाही. रुंद ध्रुवपदे, मधल्या गतीवरचा भरवसा, काळोखातली सुरावट हे सारे बँड बुशसोबतच्या बारा-तेरा वर्षांत शिकला, आणि बेलाडोनाने ते आपल्या आवाजात फार ग्रेसफुली सामावून घेतले. बुशच्या पर्वाला बँडच्या इतिहासातली चुकीची गल्ली ठरवणाऱ्यांना ‘वर्शिप म्युझिक’ आवडतो, यातली विसंगती त्यांनी स्वतःच सोडवावी. बुश दरम्यान आर्मर्ड सेंटकडे परतला, आणि २०१५चा ‘विन हँड्स डाउन’ व २०२०चा ‘पंचिंग द स्काय’ ऐकता त्याच्या आवाजाचा दाणा अजून शाबूत आहे.

ज्यांनी बुशच्या काळातले काहीच ऐकलेले नाही, त्यांनी प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ नये, कारण दुसऱ्याच अल्बमपाशी उत्साह ओसरण्याचा धोका आहे. बेलाडोनाच्या वेगावर प्रेम करणाऱ्यांनी ‘वुईव्ह कम फॉर यू ऑल’पासून सुरुवात करावी, ज्यांना अ‍ॅलिस इन चेन्स किंवा एकूणच नव्वदीचे जड रॉक आवडते त्यांनी ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’पासून. हे दोन अल्बम पूर्ण किमतीला, बिनधास्त घ्यावेत. ‘व्हॉल्यूम ८’ त्यानंतर, आणि तो घेतल्यास शेवटचे गाणे संपले म्हणून लगेच बंद करू नये. ‘द ग्रेटर ऑफ टू इव्हिल्स’ हा जुनी गाणी पाठ असलेल्यांसाठीच आहे, नवख्याने त्यातून बँडची ओळख करून घेऊ नये. ‘स्टॉम्प ४४२’ जुन्या सीडींच्या ढिगाऱ्यात स्वस्तात सापडला तर घ्यावा, ‘फ्यूल्ड’, ‘रायडिंग शॉटगन’ आणि ‘बेअर’ ही तीन गाणी काढून घ्यावीत, आणि मुखपृष्ठ भिंतीवर लावावे.